क्रूझवर स्वतःची वाईन नेताना: गोव्यातून निघणाऱ्या प्रवाशांसाठी

वाईनची बाटली विकत घेण्याआधी क्रूझच्या तिकिटासोबत आलेला करार उघडावा आणि त्यातील मद्याविषयीचे कलम शेवटपर्यंत वाचावे. एजंट "एक बाटली चालते" असे तोंडी सांगतो, ओळखीतला कोणी "मी तर चार नेल्या होत्या" असे सांगतो. परंतु जहाजाच्या दारावर उभ्या असलेल्या सुरक्षा कर्मचाऱ्यासमोर यांपैकी काहीही उपयोगी पडत नाही. तिथे फक्त कंपनीचा त्या दिवशी लागू असलेला लेखी नियम चालतो आणि हे नियम अधूनमधून बदलत असतात.

गोव्यात आपणांस सल्ला देणारे आणखी एक माणूस हमखास भेटते, ते म्हणजे तारवटी, अर्थात बोटीवर नोकरी केलेले. सासष्टीत किंवा बार्देशात राहणाऱ्याच्या ओळखीत बोटीवर नोकरी केलेला कोणी नाही, असे क्वचितच घडते. जहाजावरचे जेवण, समुद्र खवळला असता केबिन कोणत्या मजल्यावर असावी, मोठी बॅग किती वाजता खोलीत येते, या बाबतींत त्यांच्या शब्दासारखा शब्द नाही. वाईनच्या प्रश्नात मात्र थोडे सावध राहावे. कर्मचाऱ्यांसाठी मद्याचे नियम वेगळे असतात, प्रवाशांसाठी वेगळे. शिवाय त्यांनी ज्या कंपनीत दहा वर्षांपूर्वी काम केले, तिचा नियम आपण जिच्याबरोबर निघालो आहोत तिला लागू होत नाही.

हे सगळे इतक्या आग्रहाने लिहिण्यास घरातला एक प्रसंग कारणीभूत आहे. आई-बाबांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी आम्ही सिंगापूरहून सुटणाऱ्या एका क्रूझवर गेलो होतो. नाशिकची एक चांगली रेड वाईन बाबांनी मुद्दाम त्या रात्रीसाठी जपून ठेवली होती. कंपनीच्या नियमानुसार प्रत्येक प्रौढ प्रवाशाला एक बाटली नेता येत होती, म्हणजे नियम आमच्या बाजूने होता. चूक एवढीच झाली, की विमानासाठी मोठ्या बॅगेत ठेवलेली ती बाटली बंदरावर पोहोचल्यावर बाहेर काढून हातातल्या पिशवीत घ्यायचे राहिले. मोठ्या बॅगा आम्ही हमालाच्या स्वाधीन केल्या, यंत्रात बाटली दिसली आणि आईची बॅग सुरक्षा विभागाच्या खोलीत अडकून पडली. ती रात्री उशिरा मिळाली. आई त्या संध्याकाळच्या जेवणाला प्रवासातल्याच साडीवर बसली, आणि वाईन आमच्या हाती आली ती परतीच्या दिवशी सकाळी. पाच मिनिटांच्या विसराळूपणाने बाबांची एवढी जपून ठेवलेली रात्र हुकली, हे मला आजही लागून राहिले आहे.

आधी आपले जहाज कोणत्या प्रकारात बसते ते ओळखावे

मांडवीत संध्याकाळी होणारा तास-दीड तासाचा नौकाविहार किंवा नदीत नांगरलेले कॅसिनो हा या लेखाचा विषय नाही. इथे विचार आहे तो रात्रभर किंवा अनेक दिवस समुद्रात राहणाऱ्या प्रवासी जहाजांचा, मग ते मुरगाव बंदरात येणारे असो, मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून सुटणारे असो, की आपण विमानाने सिंगापूर, दुबई किंवा युरोपात जाऊन पकडणार असलेले असो.

मुंबई, गोवा, लक्षद्वीप आणि कोची या पट्ट्यात चालणाऱ्या देशी फेऱ्यांवर बाहेरचे मद्य मुळीच येऊ न देणे हाच साधारण नियम आहे. गोव्यातल्या वाचकांनी ही गोष्ट प्रथम मनाशी पक्की करावी, कारण आपल्याकडे चांगली बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते आणि जहाजही वास्कोहूनच सुटणार असते, त्यामुळे बाटली पिशवीत टाकण्याचा मोह सर्वांत जास्त इथेच होतो. अशा फेरीवर वाईन घरीच ठेवावी. इटलीची कोस्टा आणि मूळची भूमध्य समुद्रातली एमएससी या मोठ्या कंपन्याही प्रवाशांना बाहेरचे मद्य घेऊन चढू देत नाहीत.

अमेरिकी कंपन्यांची रीत बरीचशी वेगळी आहे. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हल यांचा सध्याचा नियम असा, की मद्यप्राशनाचे वय झालेल्या प्रत्येक प्रवाशाला पहिल्या दिवशी चढताना 750 मिलिलिटरची एक सीलबंद बाटली, साधी किंवा फेसाळ वाईन, सोबत आणता येते. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका यांच्याकडेही पहिली बाटली केबिनमध्ये प्यायल्यास वेगळे शुल्क लागत नाही. त्यापुढच्या बाटल्यांवर मात्र लागते. नॉर्वेजियनची पद्धत निराळी आहे: तिथे बाटल्यांच्या संख्येपेक्षा शुल्काला महत्त्व आहे, आणि ते शुल्क बाटली कुठेही उघडली तरी, अगदी स्वतःच्या केबिनमध्ये उघडली तरी, भरावे लागते. डिस्नीच्या जहाजांवर प्रौढ प्रवाशाला दोन बाटल्या नेता येतात आणि ही मुभा फक्त पहिल्या दिवसापुरती नसून वाटेतल्या प्रत्येक बंदरावर पुन्हा मिळते. व्हायकिंगसारख्या, केवळ प्रौढांना घेणाऱ्या कंपनीत स्वतःची वाईन नेण्यास आणि ती जेवणाच्या टेबलावर उघडण्यास शुल्कच नाही.

इतक्या कंपन्यांची नावे घेण्याचा हेतू हा, की "क्रूझवर वाईन नेता येते का" या प्रश्नाला एक उत्तर नाही हे डोळ्यांसमोर यावे. वरचे नियम पाठ करून ठेवू नयेत. आपल्या प्रवासाच्या महिनाभर आधी कंपनीच्या संकेतस्थळावर ते पुन्हा पाहावेत आणि त्या पानाची प्रत मोबाईलमध्ये साठवून ठेवावी. बंदरावर नेट मिळेलच असे नाही.

वयाचाही विचार इथेच करावा. गोव्यात मद्य विकत घेण्याचे कायदेशीर वय 21 आहे. अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवरही 21 च धरले जाते. युरोपातून सुटणाऱ्या जहाजांवर बहुधा 18 चालते. चार जणांच्या कुटुंबात धाकटा मुलगा एकोणीस वर्षांचा असेल, तर नेता येणाऱ्या बाटल्या चार आहेत की तीन, हे जहाज कुठून सुटते यावर ठरते.

कॉर्केजचा हिशेब

आपली बाटली जहाजाच्या भोजनगृहात किंवा बारमध्ये उघडून देण्याबद्दल, पेले आणि सेवा पुरवण्याबद्दल जे शुल्क घेतले जाते त्याला कॉर्केज म्हणतात. अनेक कंपन्यांत ते बाटलीमागे 15 ते 25 डॉलरच्या दरम्यान असते. पंधरा डॉलर धरले तरी आपल्या पैशांत तेराशे रुपयांच्या आसपास होतात. गोव्यात हजार रुपयांना घेतलेली बाटली भोजनगृहात उघडली, की ती तेवीसशेला पडते. जहाजावर वाईनचा एक पेला साधारणपणे दहा ते पंधरा डॉलरला मिळतो आणि त्यावर 18 ते 20 टक्के सेवाशुल्क लागते. एका बाटलीत 150 मिलिलिटरचे पाच पेले निघतात. म्हणजे कॉर्केज भरूनही स्वतःची बाटली स्वस्तच पडते; पण ती अगदीच स्वस्त असेल, तर शुल्कच बाटलीपेक्षा महाग होते.

म्हणून माझा सल्ला असा आहे: नियमात एकच बाटली बसत असेल, तर पैसे वाचवण्यासाठी बाटली नेऊ नये. जी जहाजावर मिळणार नाही आणि जिच्याशी आपला काही संबंध आहे, अशी बाटली न्यावी. जहाजाच्या यादीत कॅलिफोर्निया, चिली, इटली यांच्या वाईन भरपूर असतात; नाशिक, अकलूज किंवा नंदी टेकड्यांच्या परिसरातली बाटली तिथे सहसा दिसत नाही. जी वाईन यादीत आहे तीच घरून आणून भोजनगृहात उघडायला सांगणे, हे यजमानाच्या घरी जाऊन आपलाच डबा उघडण्यासारखे दिसते. तो शिष्टाचार पाळावा.

ज्यांनी पेयांचे पॅकेज आधीच घेतले आहे, त्यांनी बाटली नेण्याचा विचार दोनदा करावा. अशा पॅकेजमध्ये पेल्याने मिळणारी वाईन धरलेली असते, काही कंपन्यांत तर एका केबिनमधल्या सर्व प्रौढांना ते घ्यावेच लागते, आणि पॅकेज असले म्हणून कॉर्केज माफ होते असे मुळीच नाही.

कोणती बाटली चालेल

हा भाग गोव्यातल्या माणसाने सर्वांत लक्षपूर्वक वाचावा, कारण आपल्या घरात जे "वाईन" म्हणून ठेवलेले असते त्यातले बरेचसे जहाजाच्या नियमात वाईन ठरत नाही.

कारखान्यातून आलेली, सील न तुटलेली, लेबल लावलेली, काचेची आणि 750 मिलिलिटरची बाटली, एवढेच सर्वसाधारणपणे मान्य असते. नाताळासाठी शेजारच्या घरी केलेली द्राक्षांची वाईन कितीही उत्तम असली आणि ती बुचाच्या बाटलीत भरून दिलेली असली, तरी तिला कारखान्याचे सील नाही. ती अडवली जाते, आणि मायेने दिलेली वस्तू परक्या माणसाने टेबलाखालच्या पेटीत टाकलेली पाहणे फार जिवावर येते. त्या बाटलीचा मान घरीच राखावा. पुठ्ठ्याच्या खोक्यातली वाईन आणि दीड लिटरची मोठी बाटली यांनाही बहुतेक ठिकाणी मनाई असते.

गोव्याची गोड पोर्ट वाईन नेण्याची अनेकांना इच्छा असते, विशेषतः परदेशात स्थायिक झालेले नातेवाईक त्याच जहाजावर भेटणार असतील तर. हिच्याबाबतीत अडचण अशी, की पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातील अस्सल पोर्ट ही द्राक्षांपासूनचा मद्यार्क मिसळून तीव्र केलेली वाईन असते आणि तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण 19 ते 22 टक्के असते. साधी वाईन साधारणपणे 11 ते 15 टक्क्यांची. काही कंपन्यांच्या नियमांत फक्त "वाईन किंवा शॅम्पेन" एवढेच शब्द असतात आणि पोर्ट त्यात बसते की नाही, हे दारावरचा कर्मचारी त्याच्या समजुतीने ठरवतो. त्यामुळे गोव्याची पोर्ट न्यायची असेल, तर लेबलवरील टक्केवारी पाहावी आणि कंपनीला आधी ईमेल करून लेखी उत्तर मागवावे. ते उत्तर छापून बाटलीसोबत ठेवावे.

फेणीचा प्रश्नच उद्भवत नाही. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचा आपल्याला अभिमान आहे, आणि परदेशी पाहुण्याला ती चाखायला द्यावी असे मनापासून वाटते. परंतु ती ऊर्ध्वपातित कडक दारू आहे, आणि प्रवाशाला कडक दारू केबिनमध्ये नेऊ देणारी मोठी कंपनी जवळजवळ नाही. हुर्राक सौम्य असते म्हणून ती वाईनच्या मुभेत बसेल, असाही समज काही जणांचा असतो. हुर्राक हे काजूच्या रसाच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून निघते. त्यामुळे तीव्रता कमी असली तरी ते वाईन नव्हे, आणि मार्च ते मेच्या हंगामात ते बहुधा पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून मिळते. ते नेऊच नये.

मद्य माउथवॉशच्या बाटलीत, शाम्पूच्या डब्यात किंवा नारळपाण्यात मिसळून नेण्याच्या युक्त्या लोक एकमेकांना सांगत असतात. या युक्त्या जहाजाच्या कर्मचाऱ्यांना कधीच्याच माहीत झालेल्या आहेत. पकडले गेल्यास वस्तू नष्ट होते. नियमभंग गंभीर मानला गेला, तर प्रवाशाला वाटेतल्या बंदरावर उतरवण्याचाही अधिकार कंपनीने करारात राखून ठेवलेला असतो. ज्या कंपनीने एक बाटली उघडपणे नेऊ दिली आहे, तिच्याशी असे वागण्याचे कारण नाही.

निवडीबद्दल दोन व्यवहारी गोष्टी. जहाज सतत थरथरत असते, आणि जुन्या रेड वाईनचा तळाशी बसलेला गाळ अशा हालचालीने वर येऊन चव कडवट करतो. म्हणून दोन-तीन वर्षांची ताजी वाईन बरी. दुसरे असे, की शक्यतो फिरकीच्या झाकणाची बाटली घ्यावी. नाशिकच्या अनेक वाईन तशा झाकणात मिळतात. बूच काढण्याच्या स्क्रूला जर लहानशी पातळ सुरी जोडलेली असेल, तर ती विमानतळावर हातसामानातून आणि पुन्हा जहाजाच्या दारावर काढून घेतली जाण्याची शक्यता असते. बुचाचीच बाटली असेल तर स्क्रू नेऊ नये. केबिन आवरणारा कर्मचारी किंवा भोजनगृहातला वाढपी ती आनंदाने उघडून देतो.

गोव्याच्या वेशीबाहेर पडताना

जहाज वास्कोहून नव्हे तर मुंबईहून सुटणार असेल आणि आपण गाडीने निघणार असू, तर बाटली गोव्यातून घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यात विकल्या जाणाऱ्या मद्याच्या बाटलीवर ती केवळ गोव्यातील विक्रीसाठी असल्याचे छापलेले असते. आपल्या अबकारी खात्याचे मद्य राज्याबाहेर नेण्याचे नियम आणि परवाने वेगळे, महाराष्ट्राच्या राज्य उत्पादन शुल्क विभागाचे वेगळे. बांद्याजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासल्या जातात हे सिंधुदुर्गात ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. एका बाटलीसाठी सहकुटुंब तिथे थांबून राहण्यापेक्षा मुंबईत परवानाधारक दुकानातून वाईन घ्यावी आणि पावती जवळ ठेवावी. किमतीत थोडा फरक पडतो, तो सोसावा.

विमानाने जाणाऱ्यांसाठी नियम सोपे आहेत, मात्र ते जहाजाच्या नियमांच्या नेमके उलट आहेत, आणि सगळी गफलत इथेच होते. आंतरराष्ट्रीय विमानाच्या हातसामानात 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या डब्यातला द्रव चालत नाही. म्हणून वाईन चेक-इनच्या मोठ्या बॅगेतच ठेवावी लागते. विमान सुरक्षेच्या नियमांत 24 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या पेयांवर प्रमाणाची मर्यादा नाही. 24 ते 70 टक्क्यांच्या पेयांसाठी ती माणशी 5 लिटर आहे. वाईन पहिल्या गटात येते. याउलट जहाजाला बाटली हातसामानात, तपासनीसाच्या डोळ्यांसमोर हवी असते. म्हणून दाबोळी किंवा मोपा विमानतळावर बॅग देताना बाटली आत, आणि बंदरावर हमालाला बॅग देण्यापूर्वी बाटली बाहेर, असा क्रम ठरवून घ्यावा. आमच्या घरी आता बाटली ज्या बॅगेत असेल तिच्या मुठीला लाल फीत बांधलेली असते. टॅक्सीतून उतरल्यावर ती फीत पाहिल्याशिवाय कोणीही बॅग हमालाला देत नाही.

बाटली बांधण्याचे काम घाईत करू नये. भरलेली वाईनची बाटली सव्वा ते दीड किलो भरते, फेसाळ वाईनची काच जाड असल्याने ती त्याहून जड असते. प्रथम बाटली जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड चिकटपट्टीने बंद करावे, मग ती दोन टॉवेलांत किंवा लोकरीच्या स्वेटरात गुंडाळावी आणि बॅगेच्या मधोमध, चारी बाजूंनी कपडे येतील अशी ठेवावी. बॅगेच्या कडेला किंवा बुटांना लागून ठेवू नये. पांढरे कपडे आणि रेड वाईन एका बॅगेत नकोत.

गोव्यात त्याहूनही जपायचे असते ते उन्हापासून. एप्रिल-मेच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत किंवा बंद गाडीत ठेवलेली वाईन तासाभरात इतकी तापते, की आतला द्रव प्रसरण पावून बूच किंचित वर सरकते, हवा आत शिरते आणि चव शिजल्यासारखी लागते. बाटली दुकानातून थेट घरी आणावी, सर्वांत थंड खोलीत आडवी ठेवावी आणि निघण्याच्या वेळीच बॅगेत भरावी.

विमानतळावरच्या शुल्कमुक्त दुकानातून बाटली घेणार असाल, तर ती सीलबंद पारदर्शक पिशवीत पावतीसह मिळते. ती पिशवी जहाजाच्या दारापर्यंत फोडू नये. सिंगापूरमध्ये 18 वर्षांवरील प्रवाशाला, तो मलेशियाहून आलेला नसेल आणि किमान 48 तास सिंगापूरबाहेर राहिलेला असेल, तर 2 लिटर वाईन शुल्क न भरता आत आणता येते. दोन बाटल्या मिळून दीड लिटर होतात, तेव्हा तिथे अडचण येत नाही. दुबईसारख्या ठिकाणी स्थानिक कायदा कडक असतो. तिथले सीमाशुल्काचे नियम निघण्यापूर्वी स्वतंत्रपणे पाहावेत.

जहाजाच्या दारावर आणि केबिनमध्ये

तपासणीच्या रांगेत बाटली पिशवीच्या तळाशी लपवू नये. यंत्राजवळ पोहोचताच "माझ्याजवळ वाईनची एक बाटली आहे" असे आपणहून सांगावे आणि ती हातात द्यावी. पती-पत्नी दोघांच्या वाट्याच्या दोन बाटल्या असतील, तर त्या दोघांच्या पिशव्यांत एकेक अशा ठेवाव्यात, कारण एकाच पिशवीत दोन बाटल्या दिसल्यास नियम माणशी एक असल्याची आठवण करून दिली जाते आणि रांग थांबते. काही जहाजांवर बाटलीला लेबल लावून नोंद करतात आणि शुल्क लागत असेल तर ते खोलीच्या खात्यावर टाकतात. बाटली ठेवून घेतली तर पावती मागून घ्यावी. तिच्यावाचून शेवटच्या दिवशी बाटली शोधणे कठीण जाते.

केबिनमधला छोटा फ्रिज पुष्कळदा नावापुरताच थंड असतो. व्हाइट वाईन 8 ते 10 अंशांवर आणि फेसाळ वाईन त्याहूनही थंड चांगली लागते. त्यासाठी केबिन आवरणाऱ्याकडून बर्फाची बादली मागवावी. नुसत्या बर्फात बाटली खोचण्यापेक्षा बर्फ आणि पाणी निम्मे-निम्मे घालून त्यात मूठभर मीठ टाकावे. वीस मिनिटांत बाटली हवी तशी थंड होते. रेड वाईनसाठी साधारणपणे 16 ते 18 अंश योग्य मानले जातात. आपल्या घरच्या तीस अंशांना ती प्यायची सवय झालेल्यांना वातानुकूलित केबिनमधली रेड वाईन वेगळीच वाटेल, आणि बहुधा जास्त आवडेल.

भोजनगृहात बाटली उघडायची असेल, तर दुपारीच प्रमुख वाढप्याला कल्पना द्यावी. तो ती थंड करून ठेवतो, पेले मांडतो, आणि उरलेली बाटली दुसऱ्या रात्रीसाठी आपल्या केबिनच्या क्रमांकाखाली जपून ठेवतो. वाईनची माहिती असलेला कर्मचारी टेबलाशी आला, तर त्याला एक घोट देऊ करावा. ही जुनी रीत आहे, आणि नाशिकची वाईन पहिल्यांदाच चाखणाऱ्या माणसाशी होणारे बोलणे हा त्या जेवणातला फार सुंदर भाग असतो. केबिनमध्ये भरलेला पेला हातात घेऊन भोजनगृहात जाण्याने कॉर्केज टळते, असे काही जण मानतात; काही कंपन्या त्यालाही शुल्क लावतात, आणि तसे करणे बरेही दिसत नाही. पोहण्याच्या तलावापाशी काच नेण्यास सर्वत्र मनाई असते.

उघडलेली साधी वाईन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन ते पाच दिवस टिकते. फेसाळ वाईन त्याच दिवशी संपवावी. गोड पोर्ट कित्येक आठवडे चांगली राहते, त्यामुळे लांबच्या प्रवासात रोज जेवणानंतर एक लहान पेला घेणाऱ्यांना ती सोयीची पडते.

वाटेतली बंदरे आणि परतीचा दिवस

केबिनमधली बाटली किनाऱ्यावर फिरायला जाताना पिशवीत घेऊ नये. लक्षद्वीपमध्ये बंगारम बेट सोडल्यास दारूबंदी आहे, आणि मालदीवमध्ये पर्यटकाने मद्य घेऊन उतरणे कायद्याने निषिद्ध आहे. गोव्यातल्या माणसाला मद्याबद्दलचा कायदा सैल असण्याची सवय असते, म्हणून ही काळजी आपण इतरांहून अधिक घ्यावी.

वाटेतल्या बंदरावर विकत घेतलेली वाईन बहुतेक कंपन्या जहाजात शिरताना ताब्यात घेतात आणि प्रवासाच्या शेवटच्या रात्री किंवा सकाळी परत देतात. तेव्हा जहाजावर पिण्यासाठी म्हणून तिथे खरेदी करू नये. घरी नेण्यासाठी अवश्य करावी. परदेशातून भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला एकूण 2 लिटर मद्य शुल्क न भरता आणता येते. त्यात वाईन आणि कडक दारू दोन्ही मिळून धरतात, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्यांनंतर फक्त अर्धा लिटर उरतो. त्याहून जास्त असल्यास लाल मार्गिकेतून जाऊन ते जाहीर करावे.

आणि शेवटच्या सकाळी ठेवून घेतलेल्या बाटल्या पावती दाखवून घ्यायला विसरू नये. त्या हातात येतात तेव्हा मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच केबिनबाहेर ठेवलेल्या असतात आणि जहाजातून उतरवल्या गेलेल्या असतात, तर पुढच्या विमानात बाटली हातसामानात चालत नाही. म्हणून बंदराच्या इमारतीत बॅगा परत मिळाल्यावर, टॅक्सीत बसण्याआधी, एक कोपरा शोधून बॅग उघडावी आणि बाटल्या कपड्यांत गुंडाळून आत भराव्यात. त्यासाठी बॅगेत दोन टॉवेलांएवढी जागा आदल्या रात्रीच मोकळी सोडलेली असावी.